यादोरावांची चढलेली दुपार

एकोडीचे यादोराव कापगते दारू पीत नाहीत, ही गोष्ट साकोली तालुक्यात कोणालाच पटत नसे. पटावी तरी कशी? दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की होळीपर्यंत जी नाटकं होतात त्यांत दारुड्याचं काम यादोरावांचंच ठरलेलं. नाटक सासू-सुनेचं असो, भावाभावांचं असो की थेट सरहद्दीवरचं असो, दुसऱ्या अंकात कुठून ना कुठून एक दारुडा यायचा आणि तो यादोराव असायचा. मांडवाच्या खांबाला मिठी मारून ते त्याच्याशी पोरीच्या लग्नाची बोलणी करू लागले की लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत. खांबानं नकार दिल्यावर ते रडत, तेव्हा बाया पदरानं डोळे पुसत.

आता इतकं हुबेहूब काम करणारा माणूस घरी जाऊन चहा पितो, हे कोण मानणार? यादोराव किराणा दुकानात लिंबू घ्यायला गेले तर दुकानदार न सांगता शेंगदाण्याची पुडी पुढे सरकवायचा. डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेले तर डॉक्टरनं गुडघा राहू दिला आणि लिव्हर चाचपलं.

"मी पीत नाई जी," यादोराव म्हणाले.

"हो हो," डॉक्टर म्हणाला, "कमी करा जरा."

एकदा दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात प्रयोग होता. एक पोलीस जमादार पडद्यामागे आला आणि त्यानं यादोरावांची बाटली धरली. झाकण उघडून वास घेतला. वास काही लागेना, म्हणून घोट घेतला. आत अद्रक घातलेला कोरा चहा होता. जमादाराचं तोंड असं झालं की जणू त्यालाच कोणी फसवलं. "साखर कमी आहे," एवढं बोलून त्यानं बाटली परत केली. पुढे तो गावभर सांगत सुटला, की यादोरावानं ऐनवेळी माल बदलला, हात काय चालते त्या माणसाचा.

न पिण्यामागे यादोरावांचं काही व्रत वगैरे नव्हतं. गळ्यात माळ नव्हती. जवानीत एका लग्नात दोस्तांनी मोहाची पाजली होती, तेव्हा पहिल्याच घोटाला त्यांना अशा शिंका लागल्या की बँडवाल्याचा ताल चुकू लागला. नवरदेवाच्या बापानं त्यांना उचलून जनावरांच्या कोठ्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला. चहा आणि गोडधोड, एवढीच त्यांची चैन.

आणि दारुड्याची ती चाल, जिच्यासाठी लोक लांबून बैलगाड्या आणि आता मोटारसायकली करून येत, ती त्यांनी कोण्या दारुड्याची पाहून उचललेली नव्हती. ती रोवण्याची, म्हणजे भातलावणीची चाल होती. पावसाळ्यात डोक्यावर पऱ्ह्यांचं, भाताच्या रोपांचं ओझं घेऊन, ओल्या निसरड्या धुऱ्याच्या अरुंद वाटेवरून एका खाचराच्या बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना माणूस जसा जातो तसे ते चालत. एक पाय जपून टाकायचा, दुसरा आपोआप घसरतो, त्याला आवरायला हात वर जातात, मान मागे राहते. यादोराव पूर्वी नाटक कंपनीत नुसता पडदा ओढायचे. एकदा दारुड्याचं काम करणारा नट खरोखरीच पिऊन भाताच्या तणसाच्या ढिगात झोपला, आणि मॅनेजरनं यादोरावांना मागून ढकललं. समोर एवढी माणसं पाहून त्यांना काही सुचेना, तेव्हा त्यांना फक्त धुरा आठवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथून सुटका नाही.

खरं तर त्यांना नाटकातल्या जमीनदाराच्या सज्जन भावाचं काम हवं होतं. तो शुद्ध बोलतो, पांढरं धोतर नेसतो आणि शेवटी सगळे त्याच्या पाया पडतात. त्याचे संवाद यादोरावांना पडद्याआड उभं राहून राहून पाठ झाले होते. एकदा त्यांनी मॅनेजरला विचारलंही. मॅनेजर पोट धरून हसला. त्याला वाटलं हा नव्या नाटकासाठी सुचवलेला विनोद आहे, आणि त्यानं तो नाटकात घातला.

हे सगळं चालून गेलं असतं, पण पोरगी लग्नाची झाली. डिंपल हुशार, साकोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, दिसायला नीटस. स्थळं यायची, पोहे खायची आणि निरोप यायचा की पोरगी चांगली आहे पण बाप घेते म्हनतात. डिंपलची आई, चंद्रभागाबाई, निरोप आणणाऱ्याला सांगून थकली. "घेत नाई जी ते, चहाशिवाय काईच घेत नाई." निरोप्या मान डोलवायचा आणि तिच्याकडे असं पाहायचा की बिचारी किती सांभाळून घेऊन राहिली नवऱ्याले.

मग पवनी तालुक्यातल्या आसगावचं स्थळ आलं. पोरगा भूपेंद्र नागपूरला कंपनीत. बाप श्यामराव, धानाचा व्यापारी, गडगंज नसला तरी मोकळ्या हाताचा. श्यामरावांना दोन शौक. एक नाटकाचा आणि दुसरा संध्याकाळचा. यादोरावांचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी पोरीचा फोटोसुद्धा पाहिला नाही. "तोच का, खांबाशी सोयरीक करनारा? इवाई असावा तं असा," म्हणाले. इवाई म्हणजे व्याही. असा जाणकार माणूस घरच्या नात्यात येतो, सणासुदीला दोघं अंगणात बसू, तो चाखेल आणि सांगेल, आपण ऐकू, असं चित्र त्यांनी मनाशी रंगवून टाकलं.

त्यांची बायको शकुनबाई मात्र अडून बसली. घरात एक संध्याकाळवाला होता तेवढा तिला पुष्कळ होता.

"पोरगी मले पसंत आहे," ती म्हणाली. "बाप पसंत नाई."

म्हणजे यादोरावांपुढे असा पेच पडला की इवायाला दारुडा पाहिजे होता आणि इनबाईला, म्हणजे विहिणीला, बिनदारूचा. हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ते आपले खुशीत होते.

होळी झाली, नाटकं आटोपली, आणि एका सकाळी श्यामरावांचा फोन आला.

"इवाई, रविवारी घरी या, इनबाईलेही आना. बोरबोन आनली आहे. लग्नात खास लोकायले द्याचा विचार आहे. तुमी चाखून सांगा, ठेवावं का नाई ते."

यादोरावांचा चेहरा खुलला. लग्नात पाहुण्यांना चहासोबत चांगलं बिस्कीट द्यायचं, तेही असं चॉकलेटचं, मधी क्रीमवालं, हे त्यांना फार आवडलं.

"बोरबोन? अजी, ते तं मी लहानपनापासून खातो."

"खाता?" श्यामराव म्हणाले.

"खातो मनजे चहात बुडवून. नुसतं कोरडं घेतलं तं घशात अटकते ना."

 पाण्यात घेणारे, सोड्यात घेणारे, नारळाच्या पाण्यात घेणारे लोक श्यामरावांनी पाहिले होते. चहात घेणारा पहिलाच.

"एका बैठकीत किती जाते?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसलो तं अख्खं एक संपवतो. चंद्रभागा ओरडते, म्हनून कवाकवा लपवून."

"बापा रे," श्यामराव म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी ताबडतोब आपला मित्र टिकाराम याला बोलावून घेतलं. माणूस म्हणावा तर हा, असं त्याला सांगितलं. टिकाराम हा रोज संध्याकाळी श्यामरावांच्या अंगणात हजर असणारा गृहस्थ. त्याला कोणाचंही कौतुक झालेलं खपत नसे. "पाहू," एवढंच तो म्हणाला.

रविवारी यादोराव आणि चंद्रभागाबाई एसटीनं आसगावला निघाले. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून यादोरावांनी साकोलीच्या स्टँडवर तेच बिस्कीट घेतलं, मोठा पुडा. चंद्रभागाबाईनं वाटेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

"अजी, तिथं सरळ चाला. इनबाईचा डोळा तुमच्यावरच राहीन. आदतीनं डुलू नका."

"मी कायले डुलतो?"

"बसच्या दारातून चढतानी डुलले तुमी."

"बसच डुलून राहिली होती."

आसगावला अंगणात वालाच्या वेलाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, मधे टेबल. श्यामरावांनी कडकडून भेट घेतली. टिकाराम आधीच बसलेला होता, त्यानं नुसती मान हलवली. चंद्रभागाबाईला शकुनबाई आत घेऊन गेली, पण स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडेच उघडत होती आणि खिडकीत शकुनबाईचे डोळे होते.

यादोराव बसले. टेबलावर एक चौकोनी बाटली होती, आत मधाच्या रंगाचं काहीतरी. बाजूला काचेचे तीन पेले. यादोरावांनी पिशवीतून पुडा काढला आणि बाटलीशेजारी ठेवला. दोन्हींवर इंग्रजीत एकच नाव होतं. ते त्यांनी एकदा इकडे वाचलं, एकदा तिकडे वाचलं, आणि पुडा हळूच परत पिशवीकडे सरकवला.

श्यामरावांची नजरही पुड्यावर पडली. "टिकाराम, पाह्य," ते म्हणाले, "चाखनासुद्धा नावाले नाव जुळवून आनला."

टिकाराम थोडा दबला.

मग श्यामरावांनी बाटलीची ओळख करून दिली. ही अमेरिकेची व्हिस्की. पोरानं नागपूरहून पाठवली, पण भंडाऱ्याच्या दुकानातही भेटते. देशीइतकी सस्ती नाई, स्कॉचसारखी कंबरडं मोडणारी नाई. "पोरगा सांगत होता, हे मक्याची करतात. आन् लाकडाच्या कोऱ्या पिपात ठेवतात, पीप आतून जाळून. आता तुमी सांगा, माल कसा आहे. तुमच्या तोंडून निघन तेच ठेवू."

खिडकीतून शकुनबाई पाहत होती. समोरून श्यामराव पाहत होते. घेतली तर पोरगी घरीच राहणार, नाही घेतली तर हा भला माणूस आपल्या मित्रासमोर तोंडघशी पडणार. यादोरावांनी अशा वेळी नट जे करतो ते केलं. नाटकात कधी चहा फार गरम निघाला, तर पेला तोंडाला लावून मान मागे टाकायची आणि सगळा चहा खांद्यावरून मागे फेकायचा, अशी त्यांची एक हातचलाखी होती. खिडकीतले डोळे क्षणभर चुलीकडे वळले, तेवढ्यात तीच त्यांनी केली. एका झटक्यात पेला रिकामा. तोंड पुसलं. "हां," म्हणाले.

मागे बाजेवर शकुनबाईनं कोहळ्याच्या वड्या वाळत घातल्या होत्या. हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

शकुनबाई बाहेर आली. वड्यांवर वाकली, नाक मुरडलं आणि तिघांकडे पाहिलं. यादोराव ताठ बसले होते, हात मांडीवर. टिकारामच्या हातात पेला होता आणि तो नेहमीसारखा तिरपा होता.

"टिकाराम भाऊ," ती म्हणाली, "मांग पापडावर सांडली, आता वड्यावर सांडली. लहान लेकरू आहे का तुमी?"

"मी नाई सांडली वहिनी," टिकाराम म्हणाला.

"मंग का आभायातून पडली?"

ती आत गेली आणि खिडकी सोडून चंद्रभागाबाईसोबत वाटाणे सोलायला बसली. यादोरावांना वाटलं निभावलं. पण श्यामराव खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"इवाई, एका दमात नाई. ते तुमची ताकद झाली, मले मान्य. पन मले चव सांगा. हळूहळू घ्या, मी तुमचं तोंड पाहतो."

इतक्या जवळून खांद्यावरून फेकायची म्हणजे ती श्यामरावांच्या डोक्यावरून जाणार. यादोरावांनी देवाचं नाव घेतलं आणि घोट घेतला.

आधी नाकात आग गेली. शिंक आली, ती त्यांनी डोळे मिटून, कान हलतील इतक्या जोरानं आवरली. ते पाहून श्यामराव टिकारामजवळ कुजबुजले, "पाह्य, कसे डूबले त्याच्यात." आग विझल्यावर मागे एक वास राहिला. तो यादोरावांच्या ओळखीचा होता. घराला नवा दरवाजा बसवला तेव्हा असाच वास येत होता, रंधा मारलेल्या लाकडाचा आणि वरून दिलेल्या पॉलिशचा.

"सुतार," ते म्हणाले.

"काय?"

"हिच्यात सुतार आहे."

श्यामरावांनी मांडीवर थाप मारली. "लाकडाचं पीप. पकडलं का नाई यायनं?"

"सांगितलंच होतं तुमी आधी," टिकाराम म्हणाला. "मले तं खोकल्याची दवाई लागते."

यादोराव स्वभावानं प्रामाणिक माणूस. परीक्षा करायची तर नीट करावी, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्यांना एक गोष्ट खटकत होती. हा माणूस म्हणतो मक्याची, आणि मका तर कुठे लागला नाही. घरामागे त्यांची मक्याची चार ताटं उभी असत, भाजलेलं कणीस त्यांना फार प्रिय. त्याचा वास ते झोपेतही ओळखतील. त्यांनी दुसरा घोट घेतला. त्यात गूळ होता, पाक करताना बाई शेजारणीशी बोलत बसली आणि चुलीवर लागला, तसा.

"आता हलवाई आला," ते म्हणाले. "पन मका नाई लागला."

"आहे तं मक्याचीच," श्यामराव म्हणाले.

"असन. पन भेटला पाह्यजे ना."

"थांबा, पानी टाकून पाहू."

पाणी टाकून पाहिलं. पाण्यात मका नव्हता. बर्फ आणला. बर्फात सुतार बारीक झाला, हलवाई तसाच राहिला, मका नव्हता. मग नावाला नाव म्हणून बिस्कीट बुडवून पाहिलं. बिस्कीट मधूनच तुटून तळाशी बसलं, ते बोटानं काढून खाल्लं, आणि तिघांचंही एकमत झालं की हे मात्र उत्तम लागते. टिकारामनं तर न विचारता दुसरं बुडवलं. पण मका नव्हता. श्यामराव पेला भरत राहिले आणि यादोराव, हरवलेलं वासरू शोधायला निघालेला माणूस जसा एक बांधी, मग दुसरी बांधी करत लांब जातो, तसे लांब लांब गेले.

"भेटला," ते एकदम म्हणाले.

"कुठं?"

"सगळं गेल्यावर. जिभेच्या मांग बसला होता."

आणि ते उठून उभे राहिले. टिकाराम सरसावून बसला, आता खांबाला मिठी पाहायला मिळणार म्हणून. श्यामरावांनीही वेल टाकलेला खांब मोकळा करून दिला.

यादोराव हलले नाहीत. त्यांची पाठ अशी ताठ झाली होती, की जणू समोर कोणी फोटो काढतो आहे. त्यांनी शर्टची वरची गुंडी लावली. केसांवरून हात फिरवला. आणि ज्या भाषेत एकोडीत आजवर कोणी चहासुद्धा मागितला नव्हता, त्या भाषेत ते बोलले.

"श्यामराव, आपल्या आतिथ्यानं मी भारावून गेलो आहे. आपली अनुमती असेल तर हे पेले मी स्वतः विसळून आणतो. गृहिणीला किती कष्ट द्यायचे?"

तिन्ही पेले आणि बर्फाचं भांडं घेऊन ते एका सरळ रेषेत स्वयंपाकघराकडे गेले.

आत शकुनबाई आणि चंद्रभागाबाई वाटाणे सोलत होत्या. दारात यादोराव उभे राहिले आणि किंचित वाकले.

"वहिनीसाहेब, मोरी कोणत्या बाजूस आहे?"

शकुनबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. या घरात पुरुषमाणसानं मोरी कुठे आहे असं विचारल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिनं बोट दाखवलं. यादोराव खाली बसले आणि त्यांनी पेले राख लावून घासले, धुतले, उजेडात धरून पाहिले आणि पुन्हा धुतले. मग पायानं मागे सरकलेला पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.

चंद्रभागाबाई त्यांच्याकडे पाहतच होती. तिला काय ते कळायला वेळ लागला नाही, कारण तेवढ्यात ते तिच्याकडे वळून म्हणाले, "चंद्रभागे, आपण काही खाल्लंत का?" संसारात त्यांनी तिला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. 

शकुनबाईला मात्र अजून खात्री करायची होती. चुलीवरून नुकतीच उतरवलेली दुधाची गंजी होती, मोठं पातेलंच ते, काठोकाठ भरलेलं. "भाऊजी," ती म्हणाली, "थोडी ते गंजी देवघराजवळच्या फळीवर ठेवता का? मले उचलत नाई."

चंद्रभागाबाई उठायला गेली. शकुनबाईनं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं.

यादोरावांनी दोन फडकी घेऊन गंजी उचलली. मधे एक उंबरठा होता, आणखी एक पाट होता आणि एक झोपलेली मांजर होती. ते उंबरठ्यावरून गेले, पाटाला वळसा घातला, मांजरीला "क्षमा असावी" म्हणाले आणि गंजी फळीवर ठेवली. वरची साय हललीसुद्धा नाही.

"लोकायच्या तोंडाले काही हाड नाई," शकुनबाई चंद्रभागाबाईला म्हणाली. "असा मानूस, आन् काय काय बोलतात. त्यायच्या अंगाले वास येऊन राहिला खरा, पन तो त्या टिकारामानं सांडली त्याचा."

चंद्रभागाबाईनं वाटाणे सोलायचा वेग वाढवला.

यादोराव पुन्हा अंगणात आले, तेव्हा श्यामराव टिकारामला सांगत होते, "अर्ध्याच्या वर बाटली गेली, एक पाऊल वाकडं नाई. हत्ती आहे, हत्ती."  टिकारामची स्वतःची मान केव्हाच छातीवर आली होती.

"बसा इवाई, आता फायनल सांगा," श्यामराव म्हणाले. "लग्नात ठेवू का नको?"

यादोराव बसले नाहीत. सज्जन भाऊ निवाड्याच्या वेळी कधी बसत नाही. मागोमाग दोघी बायाही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"श्यामराव," ते म्हणाले, "ही दारू दुष्ट नाही. पहिल्या घोटाला सुतार येतो, तो जरा ठोकाठोकी करतो. त्याला रागावू नये, ते त्याचं कामच आहे. दुसऱ्या घोटाला हलवाई येतो, त्याच्यासाठी तरी थांबावं. मका सगळ्यांच्या शेवटी येतो, कारण तो गरीब घरचा आहे. एवढ्या किमतीत तीन माणसं घरी येतात, हे कमी नाही. स्कॉचची मला माहिती नाही. मोहाच्या दारूनं मला शिंका येतात. खरं सांगायचं तर मद्य या वस्तूचा मी आज प्रथमच आस्वाद घेत आहे."

 मग श्यामराव असे हसले की खुर्चीचा पाय वाकला. "प्रथमच," ते म्हणाले आणि पुन्हा हसले. टिकाराम जागा झाला, त्याला कळलं नाही पण तोही हसला. "चेहरा पाहा कसा ठेवला आहे. असा नट होनं नाई," श्यामराव म्हणाले.

"हसता काय?" शकुनबाई म्हणाली. "ते खरं सांगून राहिले. एक थेंब घेतला नाई त्यायनं, तुमचं मन राखाले बसले नुसते. कळते मले. वैशाखातली तारीख काढा."

"काढली," श्यामराव म्हणाले.

अशा रीतीनं डिंपलचं लग्न ठरलं. परतीच्या एसटीत यादोरावांनी आपली जागा एका बाईला दिली, मग त्या बाईनं उठू नये म्हणून तिची समजूत घातली, आणि कंडक्टरला "आपला प्रवास सुखाचा होवो" म्हणाले. अड्याळच्या पुढे ते दांडीला धरून उभ्या उभ्याच झोपले. चंद्रभागाबाईनं साकोलीपर्यंत त्यांचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं असं ठणकत होतं, की कोंबडा आरवला तेव्हा त्यांनी त्याला हात जोडले.

वैशाखात लग्न झालं. खास लोकांसाठी मागच्या खोलीत तीच बर्बन होती, पण ते नाव आसगावात कोणी घेत नाही. तिला तिथे 'सुतारहलवाई' म्हणतात. शौकीन मंडळी पहिला घोट घेऊन थांबतात, एकमेकांना "गेला का सुतार?" विचारतात आणि मग दुसरा घेतात. मका बहुतेकांना भेटत नाही. ज्याला भेटतो त्याला त्याची बायको घरी घेऊन जाते.

यादोरावांचं मात्र वेगळंच झालं. दारू चढलेला माणूस खरोखर कसा असतो, हे आता त्यांना आतून कळलं होतं. तो डुलत नाही, तो सांभाळतो. तो वाईट बोलत नाही, तो फार चांगला बोलतो. आजवर आपण लोकांना खोटंच दाखवलं, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं. पुढच्या दिवाळीनंतर एकोडीचीच मंडई होती आणि त्यांनी ठरवलं की यंदा खरं काम करायचं.

दुसरा अंक आला. यादोराव आले, सरळ चालत. गुंडी लावली, खांबाला नमस्कार केला, आणि अत्यंत शुद्ध भाषेत त्याच्या प्रकृतीची चौकशी केली. लोक वाट पाहत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "यादोराव, आज भेटली नाई का?" मग शिट्ट्या सुरू झाल्या. विंगेत मॅनेजर कपाळ बडवत होता. यादोरावांनी जमिनीवर पडलेला एक खिळा उचलून बाजूला ठेवला, लोकांचे आभार मानले आणि आत गेले. मॅनेजरनं पुढचा प्रवेश थांबवून मधे नाच घातला.

शकुनबाई त्या रात्री पहिल्यांदाच इवायाचं नाटक पाहायला आली होती, डिंपलच्या शेजारी पुढच्या सतरंजीवर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी कापगत्यांच्या ओसरीवर चहा होत होता, तेव्हा यादोराव खाली मान घालून बसले होते.

"भाऊजी, लोकायचं सोडा," शकुनबाई म्हणाली. "मले तं तुमचं काम लय आवडलं. काई सोंग नाई, ढोंग नाई. आमच्या घरी आले होते त्या दिवशी जसे वागले, तसेच्या तसे होते तुमी."

यादोरावांनी चंद्रभागाबाईकडे पाहिलं. चंद्रभागाबाई उठली आणि इनबाईच्या ताटलीत आणखी दोन भजी वाढून आत निघून गेली.